साताऱ्याच्या बोळांत नकाशा वाचत पळताना: शहरी ओरिएंटिअरिंगची पहिली शर्यत

ज्याला सातारा पाठ आहे, तो शहरी ओरिएंटिअरिंगच्या, म्हणजे नकाशा वाचत ठरलेल्या जागा शोधत पळायच्या खेळाच्या, पहिल्या शर्यतीत हमखास चुकतो. मोती चौकातून खणआळीत कसं शिरायचं, वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्याला कुठल्या बोळातून उतरलं की गर्दी टळते, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. म्हणून तो हातातल्या कागदाकडे बघतच नाही. आणि त्या कागदावर ना मोती चौक लिहिलेला असतो, ना पेठांचे वार. असतात ते करडे ठोकळे, काळ्या रेषा आणि जांभळी वर्तुळं. जिथे पोचायचं ती जागा ‘अमक्या दुकानाच्या मागे’ अशी नसते. ती असते ‘भिंतीचा ईशान्य कोपरा, बाहेरची बाजू’. तेव्हा पहिलं काम म्हणजे शहर थोडं विसरायचं आणि कागदावर विश्वास ठेवायला शिकायचं.

खेळ थोडक्यात

सुरुवातीच्या क्षणी नकाशा हातात येतो, त्याआधी नाही. त्यावर क्रमांक घातलेली वर्तुळं असतात. प्रत्येक वर्तुळाच्या बरोबर मध्यावर प्रत्यक्ष जमिनीवर एक कंट्रोल ठेवलेला असतो: पांढऱ्या आणि नारिंगी रंगाचा तिकोनी फ्लॅग, ज्याची प्रत्येक बाजू ३० सेंटिमीटरची, आणि सोबत हजेरी नोंदवायची सोय. दिलेल्या क्रमाने सगळे कंट्रोल घ्यायचे आणि कमीत कमी वेळात परत यायचं. एका कंट्रोलवरून दुसऱ्यावर कुठल्या वाटेने जायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. सगळी गंमत तिथेच आहे.

हा खेळ मुळात जंगलातला, स्कँडिनेव्हियातल्या सैन्याच्या सरावातून आलेला. शहरात आणि बागांत खेळायचा छोटा, वेगवान ‘स्प्रिंट’ प्रकार जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत २००१ साली आला. आंतरराष्ट्रीय महासंघ १९६१ मध्ये स्थापन झाला. साताऱ्याची सैनिक स्कूल, म्हणजे देशातली पहिली सैनिक स्कूल, त्याच वर्षी सुरू झाली. हा निव्वळ योगायोग, पण तिथे किंवा एनसीसीत मॅप रीडिंग शिकलेल्यांची निम्मी तयारी आधीच झालेली असते. त्यांनी एक गोष्ट मात्र डोक्यातून काढावी: एनसीसीत वापरतात तो नकाशा १:५०,००० चा, स्प्रिंटचा १:४००० चा. तिथे अख्खं गाव अंगठ्याखाली जातं, इथे एकेक जिना वेगळा दिसतो.

नाव नोंदवताना दोन प्रकार समोर येतात. क्रमाच्या शर्यतीत १ नंतर २, २ नंतर ३ असंच जावं लागतं. एक जरी चुकला किंवा उलटसुलट झाला तरी निकालात नाव नाही. स्कोअर प्रकारात ठरलेला वेळ असतो, समजा ४५ किंवा ६० मिनिटं. त्यात हवे ते कंट्रोल हव्या त्या क्रमाने घेऊन गुण जमवायचे, आणि उशीर झाला तर मिनिटामागे गुण कापून घ्यायचे. अगदी नवख्याला स्कोअर बरा, कारण एक कंट्रोल सापडला नाही म्हणून सगळी शर्यत वाया जात नाही. क्रमाची शर्यत असेल तर सर्वांत छोटा खुला गट घ्या. कोर्सची लांबी इमारती आणि बंद जागांना वळसा घालून जाणाऱ्या कमीत कमी अंतराने दिलेली असते. नवख्याचे पाय त्याहून सहज पाव हिस्सा जास्त पळतात, हे धरून चला. कसलेला खेळाडू मोठ्या गटाचा स्प्रिंट १२ ते १५ मिनिटांत संपवतो. पहिल्या वेळी तुम्हाला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागला तर वाईट वाटून घेऊ नका.

आणखी एक नियम नाव देतानाच वाचून ठेवा. शर्यतीचा भाग एकदा जाहीर झाला की त्या भागात नकाशा घेऊन सराव करायला मनाई असते. तिथेच घर किंवा दुकान असेल तर रोजच्या येण्याजाण्याला हरकत नसते. पण आदल्या रविवारी बूट घालून बोळ तपासत फिरणं ही सरळसरळ फसवणूक आहे.

नकाशा वाचायला शिकणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पळायचा सराव चार आठवडे कमी झाला तरी चालेल.

१:४००० म्हणजे नकाशावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ४० मीटर, १ मिलिमीटर म्हणजे ४ मीटर. किलोमीटरला ५ मिनिटं या वेगाने पळणाऱ्याचा एक सेंटिमीटर १२ सेकंदांत संपतो. म्हणजे नकाशावरून नजर काढून अर्धा मिनिट ‘नुसतं पळलं’ की तुम्ही नकाशाच्या अडीच सेंटिमीटर पुढे गेलेले असता, आणि मधल्या दोन वळणांपैकी एक हुकलेलं असतं. कंट्रोलचं वर्तुळ साधारण ६ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे जमिनीवर २४ मीटर. वर्तुळात दोन बोळ, तीन घरं आणि एक भिंत आरामात मावतात. म्हणून ‘वर्तुळात पोचलो’ याला काही अर्थ नाही, मध्य कुठे आहे ते बघायचं.

रंग असे: इमारत करडी, काळ्या कडेची. त्याहून फिकट करडा म्हणजे वर छत पण खालून मोकळं, तिथून पळत जाता येतं. नवखे याला इमारत समजून वळसा घालतात आणि चांगली जवळची वाट घालवतात. डांबर, फरशी, काँक्रीट असा पक्का भाग फिकट तपकिरी. मोकळं मैदान पिवळं. झाडीचा हिरवा जितका गडद तितकं आत शिरणं अवघड. पाणी निळं: तळं, हौद, विहीर, नळ. गडद तपकिरी बारीक रेषा म्हणजे समोच्च रेषा, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या; स्प्रिंटच्या नकाशात त्या बहुधा २ किंवा २.५ मीटर उंचीच्या फरकाने असतात. जिना म्हणजे शिडीसारख्या बारीक आडव्या काळ्या रेघा. जांभळ्या रंगाने छापलेलं सगळं कोर्सचं: त्रिकोण म्हणजे सुरुवात, एकेरी वर्तुळ म्हणजे कंट्रोल, दुहेरी वर्तुळ म्हणजे शेवट.

आता दोन खुणा ज्यांच्यापायी लोक बाद होतात. पहिली, ऑलिव्ह रंग, म्हणजे मातकट हिरवट. ही खासगी किंवा मनाई असलेली जागा: वाड्याचा चौक, घरामागचं परसू, देवळाचं आवार, फुलझाडांचे वाफे. फाटक सताड उघडं असेल, आत कोणी नसेल, पलीकडून बाहेर पडायला दिंडी दरवाजा आहे हे तुम्हाला लहानपणापासून माहीत असेल, तरीही पाऊल टाकायचं नाही. दुसरी, जाड काळी रेषा: ओलांडायला मनाई असलेली भिंत किंवा कुंपण. भिंत प्रत्यक्षात कंबरेइतकीच असली आणि शाळकरी पोरं रोज तिच्यावरून उडी मारत असली तरी नकाशावर जाड रेषा आहे म्हणजे ती तुमच्यासाठी तटबंदी. बारीक रेषेची भिंत ओलांडायला परवानगी असते. पळताना जाड आणि बारीक यांतला फरक ओळखणं कठीण जातं, म्हणून घरी छापील नकाशा हातभर अंतरावर धरून डोळ्यांना सवय लावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी वाचायचा चष्मा दोरीला बांधून घ्यावा, यात लाजण्यासारखं काही नाही. जांभळ्या जाळीची जागा त्या दिवसापुरती बंद, आणि जाड जांभळी रेषा म्हणजे त्या दिवसापुरता आडवा घातलेला अडसर.

पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरसारखी वर-खाली दोन पातळ्यांची जागा नकाशात आली तर सावध व्हा. नकाशा मुख्यतः वरची जमीन दाखवतो, खालून जाणारा मार्ग तुटक रेषांनी काढलेला असतो. कंट्रोल वर आहे की खाली, हे वर्तुळावरून कळत नाही. ते कळतं कंट्रोलच्या वर्णनावरून.

वर्णन म्हणजे नकाशाच्या कडेला छापलेला किंवा वेगळा दिलेला आठ रकान्यांचा तक्ता. पहिल्यात कोर्सवरचा क्रमांक, दुसऱ्यात कंट्रोलचा कोड, मग सारख्या दिसणाऱ्या गोष्टींपैकी कुठली, मग ती गोष्ट काय आहे, तिचं स्वरूप, मापं, आणि सातव्यात फ्लॅग तिच्या कुठल्या बाजूला आहे. आठव्यात इतर माहिती. सगळं चिन्हांत असतं, नवख्यांना कधीकधी शब्दांत देतात. तीन रकाने पाठ करा: दुसरा, चौथा आणि सातवा. भिंतीच्या कोणत्या बाजूला फ्लॅग आहे हे सातवा रकाना सांगतो. शहरात एका मिनिटाची चूक इथेच होते: फ्लॅग भिंतीपलीकडे तीन हातांवर दिसतोय, आणि भिंतीला वळसा मात्र दीडशे मीटरचा.

कोड ३१ पासून पुढचे असतात, म्हणजे कोर्सवरच्या क्रमांकाशी घोटाळा होत नाही. तुमचा सातवा कंट्रोल, कोड ४७. फ्लॅगवर ४१ दिसलं तर तो दुसऱ्या गटाचा. शहरात असे शेजारी-शेजारी कंट्रोल मुद्दाम ठेवतात. घाईत ४१ ला ४७ वाचणारे दर शर्यतीत असतात, म्हणून आकडा मनात नाही, ओठांनी म्हणा.

साताऱ्याचा उतार हेच होकायंत्र

होकायंत्र घ्याच, शक्यतो अंगठ्याला अडकवायचं. नकाशावरच्या उत्तर रेषा चुंबकीय उत्तरेला धरून काढलेल्या असतात, त्यामुळे एनसीसीत शिकवतात तशी नकाशाच्या आणि सुईच्या उत्तरेतल्या फरकाची बेरीज-वजाबाकी करायची नाही. सुईचं लाल टोक त्या रेषांच्या उत्तर टोकाशी जुळेपर्यंत नकाशा फिरवायचा, संपलं. उभ्या दुचाकी, लोखंडी शटर आणि खिडक्यांचे गज यांच्यापासून दोन पावलं लांब राहून बघा, नाहीतर सुई भलतीकडे वळते. मोबाइलमधला कंपास तर अशा जागी पार गोंधळतो.

पण साताऱ्यात होकायंत्राच्या आधी मान वर करायची. अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेला, यवतेश्वरचा डोंगर पश्चिमेला. जुन्या पेठा किल्ल्याच्या पायथ्यापासून उत्तरेकडे उतरत जातात, म्हणून पायाला चढ लागला तर तोंड साधारण दक्षिणेला, उतार लागला तर उत्तरेला. जुलै-ऑगस्टमध्ये किल्ला ढगात बुडालेला असतो, पण पायाखालचा उतार तेव्हाही खोटं बोलत नाही.

राजपथ म्हणजे वरचा रस्ता, कर्मवीर पथ म्हणजे खालचा रस्ता. दोन्ही साधारण पूर्व-पश्चिम, मधून उताराचे बोळ. ओरिएंटिअरिंगच्या दृष्टीने याहून चांगली शाळा नाही. वरून खाली उतरताना कंट्रोल हुकला तरी खालचा रस्ता तुम्हाला अडवतो. अशा आडव्या, न चुकणाऱ्या खुणेला ‘अडवणारी खूण’ म्हणू. प्रत्येक टप्पा सुरू करताना ती शोधून ठेवायची: इथवर आलो तर समजायचं की पुढे गेलो.

याच रचनेत साताऱ्यातली ठरलेली चूकही आहे. वरच्या रस्त्यावरून उतरणारे तीन बोळ शेजारी-शेजारी, रुंदी सारखी, तोंडाशी दुकानं सारखी. तिसऱ्यात शिरायचं तर माणूस दुसऱ्यात शिरतो, आणि पहिले पन्नास मीटर सगळं नकाशाबरहुकूम जुळतं. कारण माणूस जुळवून घेतो. ‘इथे डावीकडे वळण हवं होतं, असेल पुढे’ असं मन म्हणायला लागलं की थांबा. नकाशा बरोबर आहे, तुम्ही दुसऱ्या बोळात आहात. यावरचा उपाय आत शिरण्याआधीच करायचा: बोळांची तोंडं मोजत या, किंवा कोपऱ्यावरचं काहीतरी पकडा, पिंपळाचा पार (हिरवं वर्तुळ), हौद (निळी खूण), भिंतीतला तिरकस कोपरा. दुकानाची पाटी पकडू नका, ती नकाशावर नाही.

वाट निवडताना चढाचा हिशेब करायचा. ढोबळ नियम असा, की १ मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे जवळजवळ १० मीटर. समजा एक वाट ४२० मीटरची, पण मध्ये २.५ मीटरच्या सहा समोच्च रेषा चढायच्या, म्हणजे १५ मीटर चढ. ती पडली ५७० मीटरला. दुसरी वाट वळसा घालून ५०० मीटर, सपाट. दुसरी घ्या. खाली उतरून परत वर चढायला लागणाऱ्या सरळ वाटेचा मोह साताऱ्यात फार होतो, आणि तो फार महागात पडतो. दोन वाटा उन्नीस-बीस असतील तर वळणं कमी असलेली घ्या. प्रत्येक वळणावर नकाशा वाचावा लागतो आणि पाय मंदावतात.

सराव: तीन आठवडे पुरतात

ओपन ओरिएंटिअरिंग मॅप नावाचं मोफत संकेतस्थळ आहे. त्यावर ओपन स्ट्रीट मॅपच्या माहितीवरून कुठल्याही शहराचा ओरिएंटिअरिंगच्या धर्तीचा नकाशा तयार होतो, स्वतः कंट्रोल मांडता येतात आणि पीडीएफ मिळते. रस्त्यांची नावं त्यात नसतात, हाच फायदा. राजवाड्याभोवतीचा भाग १:५००० ला घ्या. ए-४ कागद आडवा धरला की त्यात सुमारे १.४ किलोमीटर बसतं. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून १०० टक्क्यांवर छापा, नाहीतर प्रमाण बिघडतं. छापून झाल्यावर पट्टीने प्रमाणरेषा मोजा, १ सेंटिमीटरला ५० मीटर आलं पाहिजे. या नकाशात बरेच छोटे बोळ, भिंती आणि जिने नसतील. ते पेन्सिलने स्वतः भरा, त्या कामानेच निम्मं शिकून होतं.

पहिला आठवडा फक्त चालायचं. नकाशाची घडी तळहाताएवढी करायची, पुढचे दोन कंट्रोल दिसतील इतकीच. आपण जिथे आहोत तिथे अंगठ्याच्या नखाचं टोक. अख्खा अंगठा नको, तो दोन सेंटिमीटर म्हणजे ८०-१०० मीटर झाकतो. शरीर उजवीकडे वळलं की नकाशा हातात डावीकडे फिरायला हवा, म्हणजे नकाशाची उत्तर जमिनीच्या उत्तरेलाच राहते. अक्षरं उलटी दिसोत, आकडे आडवे दिसोत. नकाशा सुलटा धरायची सवय मोडायला चार-पाच दिवस लागतात आणि ती मोडल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्रत्येक वळणावर नख पुढे सरकवा.

दुसऱ्या आठवड्यात हळू पळत. कंट्रोलवर पोचण्याआधीच पुढचा टप्पा वाचून ठेवायचा: सरळ, लांब रस्त्यावर वाचा, वळणावर नाही. तिसऱ्यात स्मरणाचा सराव: एक टप्पा वाचा, नकाशा खिशात घाला, कंट्रोलच्या जागी पोचून मगच काढा. टप्पा लक्षात ठेवताना तीन शब्दांत बांधा: ‘उतार, दुसरा डावा, जिन्याखाली’. याहून लांब वाक्य पळताना टिकत नाही.

यवतेश्वरचा घाट न थांबता चढणारे, सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळालेले धावपटू यात मागे का पडतात, याचं कारण त्यांचे पाय डोळ्यांच्या पुढे जातात. जितकं वाचता येतंय तितकंच पळायचं.

अंगावर आणि सोबत

रस्त्यावर पळायचे, खाली रबर न झिजलेले बूट. धातूचे खिळे असलेले जंगलातले बूट शहरात चालत नाहीत. पावसाळ्यात जुन्या फरशीवर आणि सावलीतल्या बोळांत शेवाळ धरतं, तिथे वळणावर चाला. नकाशा पाण्याने न भिजणाऱ्या कागदावर आहे का ते विचारा, नसेल तर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी न्या. सोबत शिट्टी, घड्याळ, एक लाल पेन (नंतर लागेल). पंधरा-वीस मिनिटांच्या स्प्रिंटला पाण्याची बाटली नको, तासाच्या स्कोअरला हवी. जीपीएसचं घड्याळ घालायला बहुधा हरकत नसते, पण त्यावर नकाशा बघणं नियमबाह्य आहे.

हजेरीची पद्धत आधी विचारून घ्या. बोटात अडकवायची इलेक्ट्रॉनिक चिप असेल, स्पोर्टआयडेंटची किंवा तत्सम, तर सुरुवातीआधी तिच्यातली जुनी नोंद पुसावी लागते: आधी ‘क्लिअर’च्या डब्यात आवाज येईपर्यंत धरायची, मग ‘चेक’च्या. क्लिअरमधून चिप लवकर काढणं ही नवख्यांची नेहमीची चूक. कंट्रोलवर डब्याच्या भोकात चिप घातली की आवाज होतो आणि दिवा लागतो. दोन्हींपैकी काहीही न होता पुढे गेलात तर नोंद नाही. डबा बंद पडलेला असेल तर तिथे टाचण्यांचा पंच असतो, नकाशाच्या कडेच्या राखीव चौकटीत तो उमटवा. मोबाइलवरच्या ॲपने हजेरी असेल तर लोकेशनची परवानगी ‘नेहमी’वर ठेवा आणि बॅटरी वाचवायची सोय बंद करा. उंच भिंतींच्या अरुंद बोळात जीपीएस दहा-वीस मीटर इकडेतिकडे दाखवतं, म्हणून आवाज येईपर्यंत जागा सोडू नका. क्यूआर कोड असेल तर घामेजल्या हाताने, चालत्या अवस्थेत स्कॅन करायचा सराव घरी करून या.

सुरुवातीची तीन मिनिटं

स्पर्धक एकेक मिनिटाच्या अंतराने सोडतात. तुमच्या वेळेच्या तीन मिनिटं आधी पहिल्या चौकटीत बोलावतात, नाव आणि चिप तपासतात. दुसऱ्या चौकटीत कंट्रोलच्या वर्णनाची सुटी पट्टी मिळते, ती मनगटावर चिकटवा. शेवटच्या चौकटीत नकाशा समोर असतो, पालथा. घंटा झाली की उचला आणि पळण्याआधी एक गोष्ट बघा: कोपऱ्यात छापलेला गट तुमचाच आहे ना. दुसऱ्याचा नकाशा घेऊन पळणं हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. मग जांभळा त्रिकोण शोधा. तो घंटेच्या जागेपासून थोडा पुढे असू शकतो. तिथे फ्लॅग असतो पण हजेरीचं यंत्र नसतं, ते हुडकत बसू नका. पुढचे दहा सेकंद उभं राहून नकाशा उत्तरेशी जुळवा आणि पहिला कंट्रोल वाचा. बाकीचे तीरासारखे सुटतील, सुटू द्यात.

प्रत्येक टप्प्यावर

हाच क्रम, न चुकता:

१. कंट्रोल सोडताना कुठल्या दिशेला बाहेर पडायचं. आलो त्या वाटेने बाहेर पडायची उपजत ओढ असते आणि निम्म्या वेळा ती चूक असते.
२. मोठी वाट: कुठला रस्ता, कितवा फाटा, अडवणारी खूण कोणती.
३. कंट्रोलच्या अलीकडची, न चुकणारी एक जागा. चौक, जिन्याचं टोक, मैदानाचा कोपरा. तिथपर्यंत वेगाने.
४. तिथून पुढे दमाने, नख नकाशावर, सातवा रकाना आठवत. कोड ओठांनी म्हणायचा, हजेरी, आवाज ऐकायचा, निघायचं.

वाट मागून ठरवायची असते. आधी कंट्रोल बघा, मग त्यात कुठून शिरता येतं ते, आणि मग तिथवर कसं जायचं ते. आतल्या बाजूने बंद असलेला बोळ पुढून निघालं तर शेवटच्या वीस मीटरवर कळतो. मागून वाचलं तर निघण्याआधीच कळतो.

हरवल्यासारखं वाटलं तर पळणं बंद. नकाशा उत्तरेशी जुळवा, आजूबाजूच्या दोन पक्क्या गोष्टी नकाशावर शोधा. तीस सेकंदांत जुळलं नाही तर शेवटच्या खात्रीच्या जागी परत जा. ‘थोडं पुढे जाऊन बघू’ यात तीन मिनिटं जातात, परत जाण्यात एक.

दुसऱ्या स्पर्धकाच्या मागे जाऊ नका, त्याचा कोर्स वेगळा असतो. ओट्यावर बसलेले काका ‘काय हुडकताय ओ?’ असं विचारतीलच. हसून हात करा आणि पुढे व्हा, वाट विचारणं किंवा कोणी फ्लॅग दाखवल्यावर तिकडे जाणं नियमात बसत नाही. शर्यतीआधी गल्लीतल्या लोकांना कल्पना देणं हे आयोजकांचं काम, पण कोणाच्या दारातून पळताना वेग कमी करणं तुमचं. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, चालायला लागा, त्याच्याकडे न बघता. रहदारीत तुम्ही साधे पादचारी आहात: शर्यत आहे म्हणून कोणी रिक्षा थांबवणार नाही आणि हात दाखवून थांबवायचीही नाही. बोळातून मोठ्या रस्त्यावर येताना दोन पावलं चाला, सकाळी दुधाच्या गाड्या आवाज न करता येतात. मुलांना उतरवत असाल तर रहदारीचा रस्ता न ओलांडणारा कोर्सच घ्या.

मोठ्या कोर्समध्ये नकाशा दोन्ही बाजूंनी छापलेला असू शकतो. पहिल्या बाजूचा शेवटचा कंट्रोल झाला की उलटवायचा असतो. तिथून थेट शेवटाकडे पळणारे दिसले तर त्यांना त्यांचं पळू द्यात, तुमचा नकाशा उलटवून बघा.

शेवट आणि त्यानंतर

दुहेरी वर्तुळापाशी शेवटची हजेरी लावली की घड्याळ थांबतं. विसरलात तर वेळच नाही. मग चिप वाचून घ्यायच्या टेबलाकडे जा. मध्येच सोडून दिलं, पाय मुरगळला, कंटाळा आला, काहीही झालं तरी या टेबलाशी येऊन सांगायचंच. न सांगता घरी गेलात तर आयोजक शेवटच्या माणसापर्यंत तुम्हाला शोधत बोळ पालथे घालतात.

टेबलावर कागदाची पट्टी मिळते, त्यावर प्रत्येक टप्प्याचा वेळ. त्याच दिवशी, पाय धुण्याआधी म्हटलं तरी चालेल, लाल पेनाने नकाशावर आपण खरोखर गेलो ती वाट काढा. जायला हवी होती ती नव्हे. मग पट्टी शेजारी ठेवून प्रत्येक चुकीपुढे सेकंद लिहा: दुसऱ्या बोळात शिरलो, ५०. भिंतीची चुकीची बाजू, ७०. कंट्रोलवर उभं राहून पुढचा टप्पा वाचला, १५, असं बारा वेळा. हे शेवटचं तीन मिनिटांवर जातं, आणि ते कमी करायला पळायचा वेग वाढवावा लागत नाही. पुढच्या आठवड्यात त्याच भागात तोच नकाशा घेऊन चालत जा आणि जिथे चुकलात त्या बोळाच्या तोंडाशी उभं राहून बघा, कोपऱ्यावर कुठली खूण होती जी नकाशावर होती आणि तुम्ही पाहिली नाही.